उंबरमाळचा दुसरा साक्षी

उघड्या माळावर वसलेले उंबरमाळ नावाचे एक गाव होते. नावात उंबर असला तरी गावात झाड औषधालाही नव्हते. त्या गावात आपदेव नावाचा वैद्य राहत असे. ताप, खोकला, मुरगळलेला पाय, लहान मुलांचे पोट, एवढे तो नीट सांभाळी. दुखणे जरा अवघड झाले की मात्र लोक गाडी जुंपून दुसऱ्या गावच्या वैद्याकडे जात, आणि जाताना आपदेवाच्याच दारावरून जात. आपदेव ओट्यावरून उठून आजाऱ्याला पाणी देई, गाडीवानाला जवळची वाट सांगे आणि गाडी दिसेनाशी झाली की आत जाऊन उगाचच औषधाचे डबे इकडचे तिकडे करीत बसे. माणूस वाईट नव्हता. त्याला कोणाला नाही म्हणता येत नसे, एवढाच त्याचा दोष, आणि गाव तो त्याचा गुण म्हणून सांगत असे.

त्या राज्यात एक जुनी चाल होती. राजधानीत वैद्यसभेच्या दारात एक मोठी काळी शिळा उभी होती. कोणी नवे औषध शोधले, किंवा एखादा पाला, एखादा कंद खाण्याजोगा आहे असे कोणाला आढळले, तर ते त्या शिळेवर कोरले जाई. मग दवंडीवाले ते पाठ करून गावोगाव सांगत, आणि लोक डोळे मिटून त्यावर विसंबत. पण शिळेवर यायला एका वैद्याचा शब्द पुरत नसे. दुसऱ्या खोऱ्यातल्या दुसऱ्या वैद्याने तीच गोष्ट आपल्या घरी वेगळी करून पाहावी लागे. पाहून झाले की त्याने सभेपुढे उभे राहून म्हणायचे, “माझी चूल, माझं पाणी, माझं तोंड.” म्हणजे मी ते माझ्या चुलीवर, माझ्या गावच्या पाण्यात शिजवले आणि माझ्या तोंडाने खाल्ले. त्यानंतरच पाथरवटाची छिन्नी शिळेला लागे. खाली दोघांचीही नावे कोरली जात. पहिल्याचा मान मोठा, पण दुसऱ्या साक्षीचाही काही कमी नसे.

आता तशा शिळा राहिल्या नाहीत. आता विद्वान मंडळी आपले शोध नियतकालिकांत छापतात आणि त्यांवर चार-सहा नावे देतात. त्या नावांपैकी कोणी काय केले, कोणी नुसतीच मान डोलावली, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. तो बिचारा नावे पाहतो आणि विश्वास टाकतो. म्हणून ही गोष्ट सांगायची, नाहीतर ती सांगण्यात कोणाला आनंद आहे असे नाही.

आपदेवाची थोरली बहीण कमळजा झरवडे गावी दिली होती. झरवडे डोंगराच्या कुशीत होते आणि गावाला लागून बारमाही वाहणारा ओढा होता. कमळजेचा नवरा हरपाळ हा नावाजलेला वैद्य. शिळेवर त्याचे नाव अनेक ठिकाणी होते. आपदेवाला वैद्यकी शिकवली ती त्यानेच. सासरे गेल्यावर पोरक्या मेहुण्याला त्याने घरी आणून ठेवले, मुळ्या कुटायला बसवले, प्रसंगी कान धरला आणि पायावर उभे केले. हे त्याने कधी बोलून दाखवले नाही. बोलून दाखवले असते तर कदाचित आपदेवाच्या मनावरचे ओझे थोडे हलके झाले असते.

एका वर्षी पाऊस बेताचाच झाला. पुढचे वर्ष कसे जाईल या काळजीने हरपाळ बेचैन झाला. झरवड्याच्या डोंगरावर वाघकंद नावाचा कंद उदंड होई, पण त्याला कोणी हात लावीत नसे. कच्चा चावला तर जीभ फाटे. रानडुकरेही तो उकरून तसाच टाकून जात. हरपाळाने त्याच्यावर बरीच खटपट केली. साल काढून, फोडी करून, राखेच्या पाण्यात उकळून, ते पाणी ओतून देऊन पुन्हा उकळून त्याने तो शिजवला. आधी स्वतः खाल्ला, मग कमळजेने खाल्ला, मग घरातल्या सगळ्यांनी. सगळा हिवाळा त्यांनी तो खाल्ला. कोणाचे डोकेसुद्धा दुखले नाही. यात खोटे काही नव्हते, हे आधीच सांगून ठेवतो.

सभा तोंडावर आली होती आणि ती वर्षातून एकदाच भरे. हरपाळाने दूरच्या एका वैद्याला कंद करून पाहण्याचा निरोप धाडला होता, पण तो अंथरुणाला खिळला होता. तेव्हा हरपाळ उंबरमाळला मेहुण्याकडे आला. उंबरमाळच्या टेकडीवरही वाघकंद होता. आपदेवाला आकाश ठेंगणे झाले. आजवर आपण दाजींकडे हात पसरत गेलो, आज दाजी आपल्याकडे आले, हेच त्याला केवढे तरी वाटले. तो म्हणाला की उद्याच टेकडीवर जाऊन कंद काढतो, घरी शिजवतो, थोडे दिवस खाऊन पाहतो. हरपाळाने मान हलवली. तेवढा वेळ नव्हता, सभेला लगेच निघायला हवे होते.

“मग पुढच्या सभेला ठेवू या,” आपदेव म्हणाला.

“तोवर लोकांनी काय खायचं?” हरपाळ म्हणाला. “अरे, मी हिवाळाभर खाल्लाय. तुझ्या बहिणीनं खाल्लाय. मी खोटं बोलतोय असं वाटतं का तुला?”

“नाही, दाजी.”

“मग जे खरं आहे, त्याला खरं म्हणायला तुझं काय जातं?”

उत्तर तसे सोपे होते. उंबरमाळमध्येही ते खरे आहे का, एवढेच तर आपदेवाने पाहायचे होते, आणि ते न पाहता तो सांगू शकत नव्हता. पण समोर बसलेल्या माणसाने त्याला वाढवले होते. शिवाय, खरे बोलायचे तर, शिळेवरचे आपले नाव त्याला तेवढ्यात डोळ्यांपुढे दिसलेही होते. हरपाळ हात धुऊन पानावर बसला तोवर आपदेवाने होकार दिला होता.

आपदेवाची बायको सगुणा वाढत होती. तिने सगळे ऐकले. पाहुणा गेल्यावर तिने विचारले की आपल्या चुलीवर हा कंद कधी शिजला. आपदेव म्हणाला, दाजींची चूल ती आपलीच चूल.

वैद्यसभेचे प्रमुख लक्ष्मीधर आचार्य फार थकले होते. डोळ्यांना अंधूक दिसे, म्हणून ते साक्षीदाराचा हात आपल्या हातात धरून प्रश्न विचारीत. हरपाळाची तपासणी झाल्यावर आपदेव पुढे झाला. कंद कुठल्या टेकडीवरून काढला, किती वेळ उकळला, चव कशी होती, असे आचार्यांनी एकेक करून विचारले. आपदेवाने हरपाळाने वाटेत सांगितलेले सगळे जसेच्या तसे सांगितले. आधी तुरट लागतो, मग मागाहून जिभेवर गोडी येते, हेसुद्धा सांगितले.

“हरपाळानं सांगितलं तेच तू सांगतोयस,” आचार्य म्हणाले. “तुला वेगळं काहीच दिसलं नाही? दोन गावांत काही ना काही वेगळं निघतंच.”

“नाही, आचार्य.”

म्हाताऱ्याने त्याचा हात आणखी थोडा वेळ तसाच धरून ठेवला. मग सोडला. आपदेवाने चूल, पाणी आणि तोंड, तिन्हींची ग्वाही दिली आणि छिन्नी शिळेला लागली. आपले नाव कोरून होईपर्यंत तो तिथून हलला नाही. पाथरवट निघून गेल्यावर त्याने त्या अक्षरांवरची भुकटी बोटाने पुसली.

गावी परतल्यावर त्याचे दिवस पालटले. चावडीवर त्याला पुढची बैठक मिळू लागली. गाड्या त्याच्या दारावरून पुढे जाईनाशा झाल्या, उलट दुसऱ्या गावांहून त्याच्याकडे येऊ लागल्या. त्याची चाल बदलली, बोलणे सावकाश झाले. एकदा घरी वाघकंद शिजवून पाहावा, असे त्याच्या मनात अनेकदा येई. पण आता शिजवायचा म्हणजे आधी शिजवला नव्हता हे स्वतःशी कबूल करणे आले. आज करू, उद्या करू, असे होत होत ते राहून गेले.

पुढच्या वर्षी पावसाने तोंडच दाखवले नाही. बाजरी गुडघ्याएवढी होऊन वाळली. उन्हाळा लागायच्या आत लोकांच्या कणग्यांचे तळ दिसू लागले. तेव्हा उंबरमाळचे लोक कुदळी घेऊन टेकडीवर गेले. त्यांना भीती कसली वाटणार? शिळेवर कोरलेले होते, आणि त्याखाली आपल्याच गावच्या माणसाचे नाव होते. आपदेवाने स्वतः चावडीसमोर उभे राहून सगळ्यांना रीत समजावून दिली. साल अशी काढा, फोडी एवढ्या करा, राख इतकी घाला. लोकांनी तंतोतंत तसेच केले.

त्याच्या स्वतःच्या कणगीत अजून थोडी बाजरी होती. त्याने सगुणेला सांगितले की आपण तूर्त कंद आणायला नको, ज्यांच्या घरी काहीच नाही त्यांना तो पुरू दे. लोकांच्या कानावर हे गेले तेव्हा वैद्य किती मोठ्या मनाचा आहे, असे ते म्हणाले. आपदेवालाही ते थोडेसे खरे वाटले. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की त्याला कोणाच्या मदतीची गरज लागत नाही.

त्याच्या शेजारी इठाबाई राहत असे. नवरा कामाच्या शोधात घाटाखाली गेला होता आणि घरात ती व तिच्या दोन मुली. एके दिवशी त्यांनी पहिल्यांदा वाघकंद खाल्ला. दुसऱ्या दिवशी दुपारी इठाबाई धाकटीला कडेवर घेऊन आपदेवाच्या ओट्याशी आली. मागे आळीतल्या आणखी दोघी-तिघी होत्या.

“वैद्यदादा,” ती म्हणाली, “पोरींच्या जिभा बधिर झाल्यात. ही सकाळपासनं ओकतिया. तुमी खाल्ला तवा तुमालाबी असंच झालं हुतं का?”

प्रश्न साधा होता. तिला भांडायचे नव्हते, संशयही घ्यायचा नव्हता. ज्याने आधी खाल्ला त्याला विचारावे, एवढ्याच भरवशाने ती आली होती. ‘मी खाल्लाच नाही’ हे तीन शब्द आपदेवाच्या ओठांपर्यंत आले. पण त्या तीन शब्दांबरोबर शिळा जाणार होती, चावडीवरची बैठक जाणार होती, दाजींचे नाव जाणार होते. बायका वाट पाहत उभ्या होत्या. आणि दाजींच्या घरी तर खरोखरच कोणाला काही झाले नव्हते, असे त्याने स्वतःला बजावले.

“झालं होतं थोडंसं,” तो म्हणाला. “सवय झाली की थांबतं. पाणी भरपूर पाजा.”

इठाबाईच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. तिने धाकटीच्या पाठीवरून हात फिरवला आणि ती घरी गेली. मागच्या बायकाही गेल्या, आणि जाता जाता त्यांनी ती गोष्ट साऱ्या आळीला सांगितली.

सगुणा दाराआड उभी होती. ती पुढे आली आणि तिने विचारले, “आपण कधी खाल्ला?”

“दाजींनी खाल्ला ना.”

“मग आज मी रांधते,” ती म्हणाली. “त्या पोरी खातात तर आपणबी दोघं खाऊ.”

ती खरोखर कामाला लागली. शेजारून दोन कंद मागून आणले, साल काढली, राखेचे पाणी केले आणि मडके चुलीवर चढवले. आपदेव भिंतीला टेकून पाहत होता. पाण्याला आधण आले तसा तो उठला, त्याने ते तापलेले मडके दोन्ही हातांनी खाली ओढले, परसात नेले आणि उकिरड्यावर उपडे केले. त्याचे तळवे भाजले. त्या घटकेपासून, आपला या कंदावर विश्वास नाही, हे त्याला स्वच्छ कळले होते.

त्याने तेव्हाच धावत सुटायला हवे होते. इठाबाईचे दार हाकेच्या अंतरावर होते आणि अजून दिवस मावळला नव्हता. तो उठला नाही. भाजलेल्या तळव्यांना तूप लावून तो बसून राहिला आणि शब्द शोधू लागला. लोकांनी कंद खाणे थांबवावे, पण आपण खाल्ला नव्हता हे मात्र कोणाला कळू नये, असे काहीतरी त्याला बोलायचे होते. असे शब्द असतील असे त्याला वाटत होते. संध्याकाळ त्यातच गेली.

त्या संध्याकाळी घरोघर पुन्हा वाघकंद शिजला. वैद्यदादा म्हणाले होते, सवय झाली की थांबते. इठाबाईची धाकटी काही केल्या तोंड उघडेना. तेव्हा आईने तिला वैद्यदादांचे नाव सांगितले, त्यांनापण असेच झाले होते आणि आता बघ ते कसे ठणठणीत आहेत, असे समजावले आणि घास भरवले. हे लिहितानाही हात जड होतो.

सकाळी पहिली आरोळी इठाबाईच्याच घरातून आली. थोरली गेली होती. धाकटीचे डोळे उघडे होते, पण तिला बोलता येत नव्हते, आणि सूर्य वर यायच्या आत तीही गेली. मग एकामागून एक घरांतून लोक धावत येऊ लागले. आपदेव सैरावैरा पळत होता. गेळफळ उगाळून पाजणे, मिठाचे पाणी पाजून ओकवणे, जे जे त्याला येत होते ते सगळे त्याने केले. ज्यांनी संध्याकाळपूर्वी एकदाच खाल्ला होता ते बहुतेक वाचले. ज्यांनी संध्याकाळी पुन्हा खाल्ला, त्यांतले फार थोडे. दुपारची त्याची दोन वाक्ये मध्ये नसती तर गावात किती माणसे जिवंत राहिली असती, हे त्याला एकेका घरात शिरताना दिसत होते.

शेवटी तो चावडीसमोर जाऊन उभा राहिला. “कंद फेकून द्या,” तो म्हणाला. “मी तो कधीच खाल्ला नाही. माझ्या घरी तो कधी शिजलाच नाही.”

कोणी त्याच्या अंगावर धावून गेले नाही. लोकांना तेवढी सवडच नव्हती. जे उभे होते ते मडकी उपडी करायला घरी गेले. काहींच्या घरी मडक्यांपाशी जाण्याआधी माणसे उचलायची होती.

बातमी कळताच हरपाळ आणि कमळजा उंबरमाळला आली. रीत तीच, राख तीच, उकळणे तेवढेच, मग असे का झाले, हे हरपाळाला कळेना. तो घरोघर जाऊन मडकी हुंगत होता. कळले ते कमळजेला. तिने बायकांना विचारले की कंद धुता कुठे. बायका म्हणाल्या, धुवायचा कशाला, इथली माती मुरमाड, हाताने झटकली की निघते, आणि पाणी तर आडातून शेंदून आणावे लागते. झरवड्याची माती तांबडी आणि चिकट. तिथे कुठलाही कंद काढला की माती सुटावी म्हणून तो फोडून टोपलीत घालतात आणि टोपली रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवून देतात. आजीने तसे केले, आईने तसे केले. त्याला कोणी रांधण्याची रीत समजत नसे, ते नुसते धुणे होते. कंदाचे विष त्या ओढ्याने वाहून नेले होते आणि ते हरपाळाच्या ध्यानीमनीही नव्हते. आपदेवाने आपल्या चुलीवर, आपल्या आडाच्या पाण्यात एक फोड जरी शिजवली असती, तर त्याची जीभ बधिर झाली असती आणि हे सगळे तिथेच थांबले असते.

आपदेव आणि हरपाळ राजधानीला गेले. ते पोचण्यापूर्वीच बातमी ऐकून सभेने, कंद खाऊ नका असे सांगायला दवंडीवाले पुन्हा पाठवले होते, पण माळावरच्या काही गावांत ते पोचायच्या आत कंद पोचला होता. आपदेवाने सभेपुढे सगळे सांगितले. चूल आपली नव्हती, पाणी आपले नव्हते, तोंड आपले नव्हते, आणि इठाबाईला दिलेले उत्तरही खरे नव्हते, हे सांगताना त्याने काही लपवले नाही. हरपाळ खाली मान घालून म्हणाला की मी मात्र एक शब्द खोटा सांगितला नव्हता.

“नव्हता सांगितलास,” लक्ष्मीधर आचार्य म्हणाले. “तुझं खरं होतं, पण ते तुझ्या गावापुरतं होतं. ते पुढे किती गावांना लागू पडतं, हे बघायलाच दुसरा माणूस लागतो. तू त्याला बघू दिलं नाहीस. त्याच्या तोंडून स्वतःलाच पुन्हा ऐकलंस.”

मग आचार्यांनी स्वतःचेही सांगितले. साक्षीच्या वेळी हात धरला तेव्हा त्यांना शंका आली होती. हरपाळासारख्या माणसाच्या शोधावर शंका काय घ्यायची, म्हणून त्यांनी ती बोलून दाखवली नव्हती. एवढे सांगून ते आसनावरून उतरले आणि पुन्हा त्यावर बसले नाहीत.

सभेची रीत अशी होती की चुकीचे कोरलेले कधी खरवडून काढायचे नाही. त्यावर आडवी रेघ मारायची आणि मजकूर व नावे वाचता येतील अशी ठेवायची, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला काय झाले ते कळेल. तशी रेघ मारली गेली. दोघांनाही पुढे कधी साक्ष देता येणार नाही, असे ठरले. आपदेवाने याहून मोठी शिक्षा मागितली. सभेकडे याहून मोठी शिक्षा नव्हती.

तो उंबरमाळला परतला. गाव अर्धेअधिक मोकळे वाटत होते. वाचलेली काही माणसे घाटाखाली निघून गेली होती. इठाबाई आपल्या उंबऱ्यात बसली होती. तिचा नवरा अजून आलेला नव्हता आणि त्याला कोणी कळवलेही नव्हते. आपदेव तिच्यासमोर उभा राहिला. त्याने हात जोडून सांगितले की मी राजधानीला जाऊन आलो, सभेपुढे सगळे कबूल केले, शिळेवर रेघ मारली, आता साऱ्या राज्याला खरे काय ते कळेल.

इठाबाईने ते सगळे ऐकून घेतले.

“समद्यांम्होरं सांगितलंत, ते बरं केलंत,” ती म्हणाली. “पर दादा, मी इचारलं तवा मला न्हाई सांगितलंत.”

ती उठून आत गेली. आपदेव बराच वेळ त्या दारासमोर उभा होता. त्याला तिथून जा असेही कोणी म्हणाले नाही.

तात्पर्य: जे आपण स्वतः करून पाहिले नाही त्याखाली आपले नाव देऊ नये, मग ते सांगणारा माणूस कितीही खरा आणि कितीही जवळचा असो. आणि नाव दिलेच असेल, तर पहिल्यांदा कोणी विचारील त्याच वेळी खरे सांगावे. कारण चुकीवर रेघ मागाहून मारता येते, पण तोवर ज्याने आपल्या नावावर भरवसा ठेवला, त्याच्यापर्यंत ती रेघ पोचत नाही.